आप्पांच्या फायली, पुतणीचा मॅक

लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका, निवडणुकीची पत्रकं. तालुक्याच्या गावातलं मराठी छपाईचं काम नव्वदच्या दशकापासून विंडोजवर उभं राहिलं. पेजमेकर, कोरल ड्रॉ आणि जोडीला मराठी फाँटांसाठी श्रीलिपी, आकृती किंवा सी-डॅकचं आयएसएम, एवढ्या सामग्रीवर कितीतरी घरं चालली, मुलं शिकली. त्याच मुलांपैकी काही आज पुण्या-मुंबईत डिझाइनचं काम करतात आणि त्यांच्या हातात मॅक असतो. सुट्टीत घरी आल्यावर घरचं काम त्या मॅकवर उघडत नाही. मग वाद होतो.

असाच एक वाद मी चाळीसगावात, स्टेशनकडच्या एका छापखान्यात ऐकला आणि थोडा त्यात पडलोही. छापखान्याचे मालक आप्पा साठीला आलेले. पुतणी पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसनं आलेली. मी तिथं प्रुफं तपासायला जाणारा, म्हणून दोघांनाही जवळचा. विषय तांत्रिक वाटेल, पण त्यात या भागाची भाषा, अहिराणी, गुंतलेली आहे, म्हणून तो इथं मांडतो.

आप्पा : काय करी ऱ्हायनी वं? सकाळपासून त्या चपट्या यंत्राशी झटतेस.

पुतणी : तुमची 2004 ची स्मरणिका उघडायला बघतेय, आप्पा. शाळेला ती नव्यानं छापून हवीय ना? फाइल पेजमेकरची आहे. मॅकला ती कळतच नाही.

आप्पा : कशी कळेल? शेजारच्या टेबलावर पीसी आहे. बस आणि उघड. दोन मिनिटांचं काम.

पुतणी : इथं असेन तोवर उघडेन. पुण्याला गेल्यावर काय? आणि तुमच्या पीसीवर अजून विंडोज 7 आहे. मायक्रोसॉफ्टनं त्याची देखभाल जानेवारी 2020 मध्ये थांबवली. हार्ड डिस्क तर कधीची खरखरतेय.

आप्पा : खरखरते, पण रोजचा गल्ला तीच भरते. मला एक सांग. ज्या यंत्रावर माझं एकही सॉफ्टवेअर चालत नाही ते लाखभर रुपये देऊन घ्यायचं, आणि मग त्यात परत विंडोजच घालायचं. मग घेतलं कशाला?

मॅक घेणाऱ्या प्रत्येकाला घरातलं कुणीतरी हा प्रश्न विचारतंच, आणि तो रास्त आहे. पुतणीनं तो टाळला नाही, हे मला आवडलं.

पुतणी : माझं स्वतःचं काम मॅकवर उत्तम चालतं. इनडिझाइन, इलस्ट्रेटर, फोटोशॉप, सगळं. पडद्यावरच्या रंगावर मला विश्वास ठेवता येतो. वीज गेली तरी बॅटरी दिवसभर पुरते, इथं वीज गेली की तुम्ही इन्व्हर्टरकडे धावता. विंडोज मला फक्त तुमच्या फायलींपुरतं हवंय. तेवढ्यासाठी मी यंत्र बदलणार नाही, पण तेवढ्यापुरतं विंडोज आत घ्यायला माझी ना नाही.

आप्पा : आत घ्यायचं म्हणजे? सीडी टाकली की बसतं का?

मी : आधी मुळात चालत का नाही, ते सांग. आप्पांना वाटतं, कंपन्यांनी मुद्दाम अडवलंय.

पुतणी : दोन अडथळे आहेत. कुठलंही सॉफ्टवेअर म्हणजे शेवटी प्रोसेसरला दिलेल्या आज्ञा. तुमच्या पेजमेकरमधल्या आज्ञा इंटेलच्या पद्धतीच्या प्रोसेसरसाठी लिहिल्यात. माझ्या मॅकमध्ये ॲपलचा एम1 आहे, तो आर्म पद्धतीचा. त्याची आज्ञावलीच वेगळी. हा एक अडथळा. दुसरा असा, की खिडकी उघडणं, अक्षर दाखवणं, फाइल साठवणं ही कामं सॉफ्टवेअर स्वतः करत नाही, विंडोजकडून करून घेतं. मॅकमध्ये विंडोज नाही, तर ते मागणार कुणाकडे?

आप्पा : म्हणजे भाषाही वेगळी आणि ज्याच्याकडे काम सांगायचं तो माणूसही जागेवर नाही.

पुतणी : अगदी तसंच.

इथं थोडा इतिहास सांगायला हवा, कारण अनेकजण जुन्या आठवणींवरून सल्ला देतात. मॅकवर पीसीची सॉफ्टवेअर चालवण्याची धडपड आजची नाही. 1980 च्या दशकाच्या अखेरीस इन्सिग्निया कंपनीचं सॉफ्टपीसी मॅकच्या आत आख्ख्या पीसीची नक्कल उभी करायचं. 1997 मध्ये कनेक्टिक्सचं व्हर्च्युअल पीसी आलं आणि 2003 मध्ये मायक्रोसॉफ्टनं ते विकत घेतलं. दर आज्ञेचं रूपांतर करत बसावं लागत असल्यानं ही सगळी सॉफ्टवेअर संथ होती. 2006 मध्ये ॲपलनं मॅकमध्ये इंटेलचे प्रोसेसर बसवले आणि पहिला अडथळा आपोआप निघून गेला. त्याच एप्रिलमध्ये बूट कॅम्प आलं : यंत्र सुरू करतानाच मॅकओएस हवं की विंडोज, ते निवडायचं. पॅरलल्स त्याच वर्षीचं, व्हीएमवेअर फ्यूजन पुढच्या वर्षीचं. हा सुकाळ चौदा वर्षं टिकला. नोव्हेंबर 2020 मध्ये एम1 चे मॅक आले आणि त्यांच्यावर बूट कॅम्प नाही. ‘मॅकवर विंडोज सहज बसतं’ असं छातीठोकपणे सांगणारा मित्र बहुतेक वेळा त्या चौदा वर्षांतलं सांगत असतो. वापरलेला मॅक घेताना तो इंटेलचा की एम मालिकेतला, हे आधी विचारावं ते याचसाठी.

आप्पा : मग जुना इंटेलवालाच घ्यायचा. स्वस्तात मिळेल.

पुतणी : 2025 मध्ये ॲपलनं जाहीर केलं, की मॅकओएस 26 टाहो ही इंटेलच्या मॅकना मिळणारी शेवटची आवृत्ती, आणि तीही मोजक्याच मॉडेलांना. जुन्या फायली बाहेर काढायला असा एखादा मॅक चालेल. रोजीरोटी त्यावर ठेवू नये.

आप्पा : बरं, तुझ्या या एम1 वर रस्ता कोणता?

पुतणी : सरळ रस्ता म्हणजे मॅकच्या आत विंडोजसाठी एक आभासी यंत्र उभं करायचं. पॅरलल्स आणि फ्यूजन हेच करतात. पॅरलल्सला पैसे भरावे लागतात, फ्यूजन नोव्हेंबर 2024 पासून धंद्यासाठीही फुकट आहे. आत बसतं ते आर्मसाठीचं विंडोज 11. पॅरलल्सवर ते वापरायला मायक्रोसॉफ्टनं फेब्रुवारी 2023 मध्ये अधिकृत मान्यता दिली. हे विंडोज इंटेलसाठी लिहिलेल्या सॉफ्टवेअरच्या आज्ञा स्वतःच बदलून घेतं. त्यामुळे पेजमेकर त्यात उघडण्यासारखा आहे.

आप्पा : विंडोजचे पैसे?

पुतणी : ते वेगळे. परवाना धरूनच हिशेब करायचा. मेमरीचाही करायचा. विंडोज 11 ला कमीत कमी 4 जीबी मेमरी आणि 64 जीबी जागा लागते. माझ्याकडे एकूण 8 जीबी. निम्मी विंडोजला दिली की दोन्ही बाजूंना कमी पडते. आणि माझ्या मॅकमध्ये मेमरी मागाहून वाढवता येत नाही, जी घेतली तीच शेवटपर्यंत.

आप्पांनी यावर काही न बोलता ड्रॉवर उघडला आणि त्यातून बोटाच्या पेराएवढं यूएसबी लॉक काढून टेबलावर ठेवलं. ते लावल्याशिवाय त्यांचं मराठी फाँटांचं सॉफ्टवेअर सुरू होत नाही. त्याआधीचं लॉक प्रिंटरच्या रुंद पोर्टला लागायचं. तेही त्यांनी रबरबँड लावून जपलंय.

आप्पा : हे चालेल तुझ्या आभासी यंत्रात?

पुतणी : तिथंच अडतं. लॉक ओळखायला ड्रायव्हर लागतो आणि तो विंडोजच्या अगदी गाभ्यात बसतो. आर्मवालं विंडोज सॉफ्टवेअरच्या आज्ञा बदलून घेतं, ड्रायव्हरच्या नाही. लॉक बनवणाऱ्यानं आर्मसाठी वेगळा ड्रायव्हर काढला असेल तरच चालतं. तुमच्या लॉकचा मला मिळाला नाही.

आप्पा : म्हणजे संपलं. मी सकाळपासून तेच सांगतोय.

आप्पांचं चुकलं नव्हतं. छोट्या व्यवसायात सॉफ्टवेअर कधी एकटं नसतं. त्याच्यामागे लॉक, प्रिंटर, स्कॅनर, फ्लेक्स कापायचं यंत्र, सहीचं टोकन अशी रांग असते, आणि त्या प्रत्येकाचा ड्रायव्हर असतो. मॅकवर विंडोज चालतं का, याला ‘हो’ म्हणणारा माणूस रांगेतल्या पहिल्यापुरतंच बोलत असतो. प्रिंटरचं निदान सोपं आहे : विंडोजमध्ये पीडीएफ करायची आणि छपाई मॅकवरून द्यायची. लॉकला असा वळसा नाही.

पुतणी : अजून वाटा आहेत, आप्पा. वाइन नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, 1993 पासून जगभरचे प्रोग्रॅमर ते मिळून लिहिताहेत. त्यात विंडोज बसवायचंच नाही. सॉफ्टवेअर विंडोजकडे जे मागेल ते मॅककडून मिळवून द्यायचं. क्रॉसओव्हर ही त्याचीच विकतची, सोयीची आवृत्ती. विंडोजचा परवाना नको, मेमरी कमी खातं. पण मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर दाबलेली कळ मधल्यामध्ये पकडून तिथं दुसरी ठेवतं. असल्या कामात वाइनचा भरवसा नाही. शिवाय मॅकवर ते इंटेलच्या आज्ञा बदलून देणाऱ्या ॲपलच्या रोझेटा 2 च्या आधारावर चालतं, आणि रोझेटा सर्वसाधारण वापरासाठी मॅकओएस 27 पर्यंतच राहील, असं ॲपलनं सांगितलंय.

आप्पा : आज शिकायचं आणि उद्या टाकून द्यायचं.

पुतणी : मग युटीएम. हेही फुकट. यात इंटेलच्या जुन्या पीसीची प्रोसेसरसकट नक्कल करता येते. त्यात विंडोज एक्सपी टाकायचं, यूएसबी लॉक आत जोडायचं. जुना ड्रायव्हर तिथं बसतो, कारण त्याच्या दृष्टीनं यंत्र इंटेलचंच असतं.

आप्पा : मग तेच कर की!

पुतणी : फार संथ आहे. एखादी फाइल उघडून आतला मजकूर काढायला पुरेल. लग्नसराईत त्यावर पत्रिका करायला बसलात, तर गिऱ्हाईक उठून जाईल. आणि त्या एक्सपीला इंटरनेट अजिबात लावायचं नाही, त्याची देखभाल 2014 मध्येच संपली.

मी : दूरजोडणीचं राहिलं.

पुतणी : ती वाट आप्पांच्या बाजूची. पीसी इथंच राहील. मी पुण्याहून तिचा पडदा माझ्या मॅकवर बघत काम करायचं. लॉक इथं, प्रिंटर इथं, टायपिंगही इथलंच. पण त्यासाठी पीसी इंटरनेटवर आणावी लागेल, आणि विंडोज 7 ची पीसी मी आणू देणार नाही.

आप्पा : आणि इथली वीज गेली की तू पुण्यात हात बांधून बसायचं.

मध्येच आप्पांनी विषय बदलला. समोरच्या कापूस व्यापाऱ्याची मुलगी बी.कॉम.ला आहे, तिला मॅकबुक हवंय आणि टॅलीही शिकायचीय, काय सांगू, असं त्यांनी विचारलं. पुतणी मॅकची बाजू घेईल, अशी त्यांची खात्री होती.

पुतणी : अजून घेतलं नसेल तर विंडोजचाच लॅपटॉप घ्या म्हणा. टॅलीप्राइम विंडोजसाठी बनवलंय. पुढं कुठल्या हिशेबनिसाकडे किंवा सीएकडे लागली, तर रोज टॅली, जीएसटीचे विवरण, डिजिटल सहीचं टोकन, एक्सेलमधली जुनी मॅक्रोवाली पत्रकं. जिचं सगळं काम विंडोजचं, तिनं मॅक घेऊन आत विंडोज घालण्यात अर्थ नाही. घेऊन झालं असेल तर पॅरलल्समध्ये चालवता येईल, शिकण्यापुरतं तेवढं पुरतं. टोकनला मॅकचा आणि आर्मचा ड्रायव्हर आहे का, ते मात्र पैसे देण्याआधी विकणाऱ्याला विचारायचं.

या उत्तरानं आप्पांचा सूर बदलला. समोरची व्यक्ती आपल्या वस्तूची तरफदारी करत नाही, हिशेब करते आहे, हे त्यांना पटलं असावं.

आप्पा : मग मलाही तेच सांग ना. आप्पा, पीसी वापरा. विषय मिटला.

पुतणी : रोजच्या कामाला तेच सांगते. चांगली नवीन पीसी घ्या, फाँटवाल्याकडून नवी आवृत्ती घ्या. मॅक तुमच्यासाठी नाहीच. माझं म्हणणं या कपाटातल्या सीड्यांपुरतं आहे. त्यातलं मराठी कुठल्याच यंत्राला वाचता येत नाही. मॅकला नाही आणि नव्या विंडोजलाही नाही.

आप्पा : फाँट टाकला की येतं वाचता.

पुतणी : तुम्हाला येतं. यंत्राला येत नाही.

आप्पा थोडे दुखावले. त्यांच्यासाठी हे समजावून सांगणं मला गरजेचं वाटलं, कारण हा त्यांचा दोष नाही. त्या काळी सगळ्यांनी असंच काम केलं. जुन्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात : कुठं अर्धा क, कुठं नुसता काना, कुठं रफार. संगणकाच्या लेखी ते इंग्रजी अक्षर आणि चिन्हंच राहतात, आपल्या डोळ्यांना मराठी दिसतं. फाँट काढला की उरते ती गिचमिड. युनिकोडनं 1991 मध्येच देवनागरीच्या दर अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला होता. पण छपाईची सॉफ्टवेअर त्या वाटेला उशिरा लागली. इनडिझाइनमध्येसुद्धा देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळायला 2012 ची सीएस6 आवृत्ती यावी लागली. तोवर गावोगावच्या छापखान्यांत हजारो पानं जुन्या फाँटांत टाइप होऊन गेली होती.

मी : आप्पा, ते अहिराणी ओव्यांचं पुस्तक आठवतं?

आप्पा : विसरेन कसा? गुरुजींनी वह्या आणून दिल्या होत्या. 1996. म्हाताऱ्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या लिहून घेतलेल्या. रात्री बसून टाइप केल्या. गुरुजी गेले. पुस्तकाच्या प्रती संपल्या. वह्या कुठं गेल्या, कुणाला माहीत नाही.

पुतणी : मग आता ते पुस्तक म्हणजे तुमची ती सीडी. बाकी काही नाही.

आप्पा गप्प झाले.

मी : इथून पलीकडे, स्टेशनजवळ छायाचित्रकार केकी मूस यांचं घर आहे. ते 1989 मध्ये गेले. त्यांनी काढलेले फोटो आजही तिथं जाऊन बघता येतात. त्यानंतर सात वर्षांनी टाइप झालेलं पुस्तक आपल्याला एका खरखरणाऱ्या डिस्कवर आणि एका लॉकवर अवलंबून वाचावं लागतंय.

मला या विषयात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. मॅकवर विंडोज चालवण्याच्या ज्या वाटा पुतणीनं सांगितल्या, त्यांतली एकही आप्पांचा रोजचा धंदा सांभाळायला लायक नाही. पण अडकलेला मजकूर एकदाच बाहेर काढायला त्यांतली संथातली संथ वाटसुद्धा पुरेशी आहे. कायमचा संसार थाटायचा असेल तर वेग, मेमरी, परवाना, लॉक सगळं आड येतं. सामान हलवायचं असेल तर दोन खेपा जास्त झाल्या एवढंच. आमच्याकडे लोक पहिल्या कामासाठी मॅकवर विंडोज घालायला जातात, दमतात, आणि दुसरं काम राहूनच जातं.

आप्पा : पण लॉकशिवाय फाँट येत नाही, फाँटशिवाय फाइल दिसत नाही. मजकूर काढणार कसा?

पुतणी : दिसायला फाँट लागतो, काढायला लागत नाही. पेजमेकर उघडला की मजकूर आरटीएफमध्ये बाहेर देता येतो. गिचमिडच निघेल, पण कुठला शब्द कुठल्या फाँटात होता, याची नोंद आरटीएफमध्ये राहते. ती नोंद महत्त्वाची. नाहीतर जुन्या फाँटातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या परिवर्तकाला मराठीच्या जागेवरचं आणि खरोखरचं इंग्रजी यांतला फरक कळत नाही, आणि तो इंग्रजी नावांचाही चिवडा करतो. म्हणजे मला फक्त पेजमेकर चालायला हवा. तो विंडोजच्या आभासी यंत्रात चालवायचा, लॉक ड्रॉवरमध्येच राहू दे.

आप्पा : इनडिझाइन उघडत नाही का पेजमेकरची फाइल? दोन्ही एकाच कंपनीचे.

पुतणी : सीएस6 पर्यंतचं उघडायचं. पुढच्यांनी सोडून दिलं. आणि सीएस6 चं मॅकवरचं इनडिझाइन 32 बिटचं, तर 2019 च्या मॅकओएस कॅटालिनापासून मॅक 32 बिटचं काहीच चालवत नाही. फिरून विंडोजकडेच यावं लागतं.

आप्पा : मग परिवर्तक सगळं नीट करून देईल?

पुतणी : बरंचसं करेल. जुन्या फाँटात तुम्ही पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करता, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफार तुम्ही अक्षरानंतर देता, युनिकोडमध्ये र आधी येतो. परिवर्तकाला या जागा अदलाबदल कराव्या लागतात. साध्या शब्दांत तो चुकत नाही. जोडाक्षरं मोठी झाली, वेलांटी आणि रफार एकत्र आले, की घसरतो.

मी : आणि अहिराणीत?

पुतणी : अहिराणीत जास्त. ऱ्हायना, ऱ्हायनी, ऱ्हास, पानोपानी ‘ऱ्ह’. हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात नुक्तावाला ‘ऱ’ घेऊन त्याचा पाय मोडतात, दुसऱ्यात साध्या ‘र’ चा पाय मोडून पुढं न दिसणारं जोडचिन्ह घालतात. दिसायला दोन्ही सारखे. शोधायला गेलं की एका तऱ्हेनं लिहिलेला शब्द दुसऱ्या तऱ्हेनं सापडत नाही. परिवर्तक अर्ध्या पुस्तकात एक आणि अर्ध्यात दुसरं करून ठेवेल. शुद्धलेखन तपासणारी सॉफ्टवेअर तर ‘शे’, ‘व्हयनं’, ‘काब्रं’ या सगळ्यांखाली लाल रेघ ओढतील. ती चुकीची रेघ कुठली आणि खरी चूक कुठली, हे मॅकला कळणार नाही, विंडोजला नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. मी पुण्यात वाढले. अहिराणी मला समजते, पण लिहिता येत नाही.

आप्पा : मला येते.

पुतणी : म्हणून तर तुमच्या मागं लागलेय.

आता वादाचा शेवटचा आणि मला वाटतं सगळ्यात अवघड भाग आला. पुतणीनं सुचवलं, की पुढचं नवं टायपिंग तरी युनिकोडमध्येच करा. आप्पांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले.

आप्पा : ही बोटं टाइपरायटरवर तयार झालीत. डोळे मिटून मराठी टाइप करतो. तुझ्या युनिकोडला इनस्क्रिप्ट लागतं. साठीला मी कळपाट नव्यानं शिकू?

पुतणी : इनस्क्रिप्टचा फायदा असा, की ते विंडोजवर, मॅकवर, लिनक्सवर सारखंच मिळतं. एकदा बोटात बसलं की यंत्र कुठलंही असो.

आप्पा : बसेपर्यंत माझा वेग निम्म्यावर येईल. लग्नसराईत निम्मा वेग म्हणजे निम्मा गल्ला. तू ज्याला सवय म्हणतेस, ते माझं भांडवल आहे.

या मुद्द्यावर मी पूर्णपणे आप्पांच्या बाजूचा आहे. नवी पद्धत चांगली आहे म्हणून जुन्या कारागिराची कमाई कुणी कमी करू नये. विंडोज, मॅक, लॉक, परवाना यांच्यापेक्षा बोटांतलं वळण माणसाला जास्त घट्ट धरून ठेवतं, आणि तंत्रज्ञानाच्या सल्ल्यांत त्याचा हिशेब क्वचितच होतो.

मी : टाइपरायटरची मांडणी ठेवून युनिकोड नाही का लिहिता येत?

पुतणी : येतं. किमॅन नावाचं सॉफ्टवेअर आहे, एसआयएल या संस्थेचं. 2017 पासून फुकट, विंडोजवर आणि मॅकवर दोन्हीकडे चालतं. त्यात आपल्याला हवा तसा कळपाट लिहिता येतो. वेलांटी आधी दाबली तरी साठवताना तिला अक्षरामागे न्यायचं, असा नियमही घालता येतो. माझ्याकडे तुमच्या कळपाटाचा तक्ता नाही, एवढंच.

आप्पा : तक्ता काय करायचाय? मी सांगतो, तू लिही.

पुतणीनं मॅक जवळ ओढला. आप्पा खुर्ची सरकवून तिच्या शेजारी बसले. वरच्या ओळीपासून सुरुवात झाली : कुठल्या कळेवर काय, शिफ्ट दाबली की काय, कुठली जोडाक्षरं एकाच कळेत. मधूनच आप्पा डोळे मिटून हवेत बोटं हलवायचे आणि मग कळ सांगायचे.

आप्पा : आणि ऐक. स्मरणिकेला घाई नाही, शाळेला दिवाळीनंतर हवी आहे. आधी ओव्या काढ. प्रूफ मी बघेन, पहिलं आणि शेवटचंही. आणि तो ‘ऱ्ह’ सगळीकडे एकाच तऱ्हेचा हवा. कुठली तऱ्हा धरायची?

पुतणी : ‘ऱ’ चा पाय मोडून. न दिसणारं चिन्ह मजकूर इकडून तिकडे नेताना गळून पडायची भीती असते.

आप्पा : मग तो कुठल्या कळेवर ठेवतेस ते आधी ठरव. माझ्या करंगळीला लांब पडता कामा नये, तो फार लागतो.